शोकाला काम मिळाले तेव्हा

मोठा माणूस गेल्याची बातमी आली की आज खामगावपासून लोणारपर्यंत सगळीकडे जवळपास एकच क्रम दिसतो. दहा मिनिटांत मोबाइलच्या स्टेटसवर फोटो चढतात. दुपारपर्यंत बसस्थानकासमोरच्या चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लागतो आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांच्या फोटोंची रांग असते. गेलेला माणूस राजकारणातला असेल तर दुकानांची शटर्स अर्धी खाली येतात. आठवडाभरात फ्लेक्स उतरतो आणि त्या जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा लागतो. हे पाहून जाणती माणसे म्हणतात की पूर्वी लोक मनापासून रडायचे, आता सगळा देखावा उरला आहे. मला हे पटत नाही. कुणाच्या मनातले दुःख खरे आणि कुणाचे दाखवायचे, हे बाहेरून मोजता येत नाही, आणि पूर्वीच्या माणसांना आजच्यापेक्षा जास्त काळीज होते असे मानायलाही आधार नाही. पण गेल्या शंभराहून अधिक वर्षांत बुलडाणा जिल्ह्याने आणि एकूणच वऱ्हाडाने आपल्या आवडत्या माणसांना कसा निरोप दिला, हे ओळीने पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ज्या शोकाला करण्यासारखे काम मिळाले, तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. ज्याला मिळाले नाही, तो चार दिवसांत ओसरला किंवा रागाच्या वाटेने गेला.

सुरुवात शेगावपासूनच करावी लागते. ८ सप्टेंबर १९१०, गुरुवार, ऋषिपंचमी. गजानन महाराजांनी समाधी घेतली तो हा दिवस. त्या दिवसाचे वर्णन दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ या पोथीच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. पोथी समाधीनंतर तीसेक वर्षांनी लिहिली गेली आणि ती भक्ताने लिहिलेली आहे. दूरच्या भक्तांना स्वप्नात दृष्टान्त झाल्याचे त्यात येते. इतिहासाचा पुरावा म्हणून ते कुणी मागू नये. पण लोक कसे वागले, याची साक्ष म्हणून तो अध्याय मोलाचा आहे, कारण तो लिहिला गेला तेव्हा त्या रात्रीची मिरवणूक डोळ्यांनी पाहिलेली माणसे हयात होती. त्या अध्यायातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मिरवणुकीच्या आधीची आहे. आदल्या दिवशी, गणेश चतुर्थीला, महाराज भक्तांना पार्थिव गणपतीची आठवण देतात: मातीची मूर्ती आणायची, पूजा करायची, दुसऱ्या दिवशी आनंदाने पाण्यात सोडायची; या देहाचेही तसेच समजा. म्हणजे जाणाऱ्यानेच मागे राहणाऱ्यांना शोकाची रीत घालून दिली. लोक रडले नाहीत असे नाही. पोथीत आक्रोश आहे, दिंड्या आहेत, गुलाल-बुक्का आहे. पण दुसऱ्या दिवशी काय करायचे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. महाराजांच्या हयातीतच, १२ सप्टेंबर १९०८ रोजी, संस्थान उभे राहिले होते. पुढे पुण्यतिथीचा उत्सव आला, अन्नदान आले, आणि पोथी आल्यावर तर शोक घरोघर पोहोचला. एकवीस अध्याय. चौरंगावर फोटो, समोर निरांजन, आणि घरातली कुणीही बाई, कुणीही शाळकरी मुलगा बसून ते वाचू शकतो. प्रत्येक पारायणात एकोणिसावा अध्याय येतोच, आणि समाधीनंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी जन्मलेल्या माणसाचा आवाज तिथे कापरा होतो. ज्याला आपण कधी पाहिले नाही त्याच्या जाण्याचे दुःख खरे असू शकते का, असे विचारणाऱ्याने हे वाचन एकदा कान देऊन ऐकावे.

त्याच पोथीत अकोल्याच्या शिवजयंतीच्या सभेत महाराज आणि लोकमान्य टिळक एकत्र आल्याचा प्रसंग आहे. टिळक गेले १ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईत. वऱ्हाड टिळकांना मानणारा मुलूख होता. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे त्यांचे जवळचे सहकारी. ज्या दिवशी टिळक गेले त्याच दिवशी गांधीजींचे असहकाराचे आंदोलन सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचे ठरले. जून १९२१ अखेर ते जमले. टिळकांना मानणाऱ्या अनेकांना असहकार मान्य नव्हता, हे इथे विसरता येत नाही. तरीही पैसे आले, कारण लोकमान्यांच्या नावाने काहीतरी द्यावे ही ओढ मतभेदापेक्षा मोठी होती.

१९५६ चा डिसेंबर महिना विदर्भाला दोनदा पोरके करून गेला. ६ तारखेला दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले, २० तारखेला अमरावतीजवळ वलगावला गाडगे महाराज गेले. बाबासाहेबांची दीक्षाभूमीवरची दीक्षा १४ ऑक्टोबरची, म्हणजे जेमतेम पावणेदोन महिन्यांपूर्वीची. मुंबईतही १६ डिसेंबरला दीक्षेचा समारंभ व्हायचा होता. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकाठी जमलेल्या अफाट समुदायासमोर चितेच्या साक्षीने काय घडले, ते जगाच्या अंत्ययात्रांच्या इतिहासात क्वचितच घडले असेल: भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तिथेच दीक्षा दिली आणि रडणाऱ्या माणसांनी उभ्या उभ्या धम्म स्वीकारला. बाबासाहेबांनी सांगितलेले काम पुरे करणे हाच त्यांचा शोक झाला. त्याचा परिणाम आजही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेगाव आणि मलकापूरच्या फलाटांवर दिसतो. दादरकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, भाकरी-चटणीची पुडकी बरोबर असतात, आणि चैत्यभूमीहून परतताना पिशवीत पुस्तके असतात. शिवाजी पार्कावरचे पुस्तकांचे स्टॉल हा त्या दिवसाचा अविभाज्य भाग आहे. शिक्षणाचा आग्रह आयुष्यभर धरलेल्या माणसाला पुस्तक विकत घेऊन अभिवादन करणे, याहून नेमकी श्रद्धांजली मला माहीत नाही. गाडगे बाबांच्या बाबतीत खराटा आणि अन्नदान या दोन गोष्टी गावोगाव उरल्या. आणि ११ ऑक्टोबर १९६८ ला तुकडोजी महाराज गेले, त्यांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखांचा समुदाय जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो. बुलडाण्याच्या खेड्यांतले गुरुदेव सेवा मंडळाचे कार्यकर्ते त्यासाठी वाट तुडवत जातात, आणि परत येऊन पुन्हा सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई सुरू करतात.

इथे एक रास्त आक्षेप येईल. संत आणि महामानव यांचे ठीक आहे, ते काम मागे ठेवूनच गेले. पण नट, गायिका, खेळाडू यांच्या जाण्याने हळहळणाऱ्याने काय करायचे? त्यांच्याशी आपले नाते तरी काय? नात्याबद्दल आधी बोलू. १९५६ मध्येच डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल या अमेरिकन अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी श्रोत्यांची जी एकतर्फी जवळीक जुळते, तिच्याविषयी लिहिले. ती एकतर्फी असते म्हणून खोटी ठरत नाही. ६ फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकर गेल्या. चिखली किंवा देऊळगाव राजाच्या एखाद्या आजीने लग्नाआधी, लग्नानंतर, मुले मोठी करताना, जोडीदार गेल्यावर हा आवाज ऐकला असेल, तर तिच्या आयुष्याचा साठ-सत्तर वर्षांचा कालखंड त्या आवाजाला बांधलेला आहे. ती रडली ती स्वतःच्या त्या वर्षांसाठीही रडली, आणि त्यात कमीपणा नाही. दुःख खरे होते. कमतरता वेगळीच होती. सरकारने दोन दिवसांचा दुखवटा आणि ७ फेब्रुवारीची सुट्टी जाहीर केली. सुट्टीच्या दिवशी शाळाही बंद. मला वाटते, त्या दिवशी शाळा उघड्या ठेवून प्रत्येक वर्गात तासभर गाणी ऐकवली असती, एखाद्या संगीत शिक्षकाने ते सूर कसे लागतात हे मुलांना सांगितले असते, तर त्या आजीच्या दुःखाला नातवाच्या वर्गात जागा मिळाली असती. मान देण्यासाठी काम थांबवणे ही आपली सवय आहे, आणि तिचा फेरविचार व्हायला हवा.

शोकाला काम नसले की तो दुसऱ्यांवर नजर ठेवू लागतो. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. शिवाजी पार्कावर जमलेल्या जनसागराच्या प्रेमाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण त्याच वेळी पालघरमध्ये मुंबईच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या एका तरुणीला आणि ते लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली, लिहिणाऱ्या तरुणीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या लढ्याचे निमित्त ठरले आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६ अ हे कलम रद्द झाले. जून २०१४ मध्ये गोपीनाथ मुंडे दिल्लीत अपघातात गेले, तेव्हा परळीला अंत्यसंस्काराच्या वेळी जमाव बिथरला, नेत्यांना घेराव पडला, सीबीआय चौकशीची मागणी झाली. त्या रागाला मी नावे ठेवणार नाही. ऊसतोड मजुराला आपला वाटणारा माणूस केंद्रात मंत्री होऊन आठवडाभरात जातो, तेव्हा ते नुसते अपघाताचे दुःख राहत नाही. पण दोन्ही ठिकाणी दिसते ते हेच की हजारोंच्या हाताला त्या दिवशी दुसरे काही नव्हते. राजकीय नेता गेला की त्याचे काम वारसाकडे आणि पक्षाकडे जाते. कार्यकर्त्याच्या वाट्याला फक्त घोषणा येतात. जिल्ह्यात ३१ मे २०१८ ला कृषिमंत्री पदावर असताना भाऊसाहेब फुंडकर गेले तेव्हा खामगाव लोटले होते. त्या गर्दीतल्या शेतकऱ्याला भाऊसाहेबांच्या नावाने स्वतः करता येईल असे काही कुणी सुचवले असते, तर त्याने ते केले असते असे मला खात्रीने वाटते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यात मलकापूरचा आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा असे जिल्ह्याचे दोन जवान गेले. त्यांची ओळखच मरणानंतर झाली, आणि तरी माणसे उन्हात तासन्‌तास उभी राहिली. त्याला आपुलकीच म्हणावे लागते, कारण ज्यांना ओळखत नव्हतो त्यांनाही आपण घरचे मानू शकतो हे त्यातून कळले. मात्र अशा शोकाचे काम घरच्यांच्या पाठीशी वर्षानुवर्षे राहण्याचे असते, आणि ते गर्दीला जमत नाही, शेजाऱ्यांनाच करावे लागते.

माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारे एक उदाहरण याच जिल्ह्यात आहे आणि ते टाळता येणार नाही. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे. जन्म २१ ऑगस्ट १९०९, सेंदुरजनचा, पेशाने वकील, ‘खूणगाठी’साठी १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार. त्यांच्या ‘शीळ’ कवितेचे गाणे ग. ना. जोशींच्या आवाजात रेकॉर्डवर आले आणि मराठी भावगीताच्या सुरुवातीच्या दिवसांत घरोघर पोहोचले. १० मे २००० रोजी ते गेले. कवीसाठी बाजार बंद होत नाही आणि व्हायलाही नको. त्यांच्यामागे दिंडी नाही, भंडारा नाही, तरी गाणे टिकले आहे. मग काम हवेच कशाला? माझे उत्तर असे की गाणे टिकले, पण गुणगुणणाऱ्या दहांपैकी बहुतेकांना ते मेहकरच्या माणसाचे आहे हे ठाऊक नसते. कवितेपुरते हे पुरेसे असेल, जिल्ह्यापुरते नाही. २१ ऑगस्टला जिल्ह्यातल्या शाळांच्या परिपाठात ना. घं.ची एक कविता म्हटली जावी, एवढे काम तरी आपण त्यांच्या चाहत्यांना देऊ शकतो. त्याला पैसा लागत नाही.

शेवटचे उदाहरण पुन्हा शेगावचे. ४ ऑगस्ट २०२१ ला शिवशंकरभाऊ पाटील गेले. अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी संस्थानचा कारभार पाहिला, आणि संस्थानचा चहासुद्धा ते घेत नसत असे शेगावात आजही सांगतात. जिल्ह्यात त्यांना सगळे ‘भाऊ’च म्हणत. एरवी लाख माणसे जमली असती. पण कोरोनाचे निर्बंध होते, राज्यातली मंदिरे बंद होती, आणि तशी अंत्ययात्रा निघणे शक्यच नव्हते. चाहत्यांना गर्दी करायला मिळाली नाही तर शोकाचे काय होते, याची ही एक प्रकारे परीक्षाच होती. कुणी म्हणेल की पुढे जे चालू राहिले ती व्यवस्था आहे, तिला शोक कशाला म्हणायचे. चोख कारभार असला की माणूस गेल्याने काही अडत नाही. पण शेगावची व्यवस्था पगारी माणसांवर उभी नाही. सेवेकरी आपली शेती, नोकरी, दुकान बाजूला ठेवून ठरलेल्या पाळीला येतो, पांढऱ्या कपड्यांत रांग सांभाळतो, चपला ठेवतो, फरशी पुसतो, महाप्रसादाच्या पंगतीत वाढतो आणि मोबदला न घेता घरी जातो. त्याला कुणी सक्ती केलेली नाही. भाऊ गेल्यावर तो आला नसता तर संस्थान त्याला काही विचारू शकले नसते. ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातली मंदिरे उघडली आणि शेगावची रांग पुन्हा सुरू झाली. भाऊंवर लोकांचा किती जीव होता हे ज्याला पाहायचे असेल, त्याने त्या महिन्यात सेवेच्या पाळीला किती जण आले ते पाहावे.