शिंगरू कुणाचं?

मंडळी, आपल्या धाराशिवकडे शेळी अर्धलीनं देतात. सांभाळणाऱ्याला निम्मी करडं. घोडीचंही असंच तोंडी ठरवलं, तर शिंगरू कुणाचं? भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १६३ आपण पाहू. वेगळा करार नसेल, तर सांभाळायला दिलेल्या जनावराचं पिल्लूही मूळ मालकाचंच. कायद्यात उदाहरणच गाय-वासराचं आहे. तोंडी करार चालतो, अडतं ते पुराव्यापाशी. घोडी सुमारे ११ महिने गाभण राहते. तेवढ्यात शब्द फिरतो. म्हणून घोडा लावण्याआधीच आपण लिहून ठेवू: शिंगरात वाटा कुणाचा किती, खुराक-औषधाचा खर्च कुणाकडे, घोडी गाभडली तर घोड्याची फी परत की पुढच्या माजाला फुकट. खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार.