यंत्राने केव्हा ओरडावे?

संगणकावर काम करताना एखादी नको ती कळ दाबली गेली की यंत्र ‘बीप’ असा आवाज करते. आवाज क्षणभराचाच असतो. परंतु कार्यालयात किंवा शाळेच्या संगणककक्षात तो दिवसभर कानांवर आदळू लागला म्हणजे त्याचा जाच काय असतो, हे तो सोसणाऱ्यांनाच ठाऊक. ही तक्रार क्षुल्लक मानून हसण्यावारी नेण्याची प्रथा आहे. वास्तविक तिच्यामागे एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. कारकुनाच्या हातून चूक झाली तर साहेब फाइलीत शेरा मारतो आणि तो दोघांतच राहतो. यंत्र मात्र तीच चूक साऱ्या दालनाला ओरडून सांगते, आणि कित्येकदा ती चूक कारकुनाची नसतेही.

हा आवाज आला कोठून? संगणकाच्या आधी टेलिप्रिंटर होता. त्यात खरीखुरी घंटा बसवलेली असे आणि दूरवरचा प्रेषक तारेवरून एक संकेत पाठवून ती वाजवू शके. टेलिप्रिंटरपाशी नेहमी कोणी बसलेले नसे. तेव्हा दुसऱ्या खोलीतील माणसाला हाक मारणे एवढाच त्या घंटेचा उद्देश होता. वृत्तसंस्थांनी तर तिची प्रतवारीच ठरवली होती. बातमी जितकी महत्त्वाची तितके ठोके अधिक, आणि उपसंपादक ठोके मोजूनच हातचे काम टाकायचे की नाही हे ठरवी. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना क्रमांक देणारी ‘ॲस्की’ ही संकेतप्रणाली निश्चित झाली, तेव्हा घंटेला सात हा क्रमांक मिळाला. तो आजही तिच्याकडेच आहे. यंत्र बदलले, पितळी घंटा गेली, पण हाक मारण्याची खोड उरली. फरक इतकाच की दूर गेलेल्या माणसासाठी असलेली हाक आता हातभर अंतरावर, पडद्याकडेच डोळे लावून बसलेल्या माणसाला मारली जाऊ लागली.

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात सव्वादोन इंचांचा एक लहानसा स्पीकर होता. यंत्र सुरू होताना स्वतःची तपासणी करी आणि सारे ठीक असल्यास एक ऱ्हस्व बीप देई. त्या वेळी पडदा अद्याप उजळलेला नसे, म्हणून ही सोय शहाणपणाची होती. परंतु याच स्पीकरला आणखी एक काम दिलेले होते. दाबलेल्या कळांपैकी पंधरा कळा यंत्र साठवून ठेवू शके; टंकलेखकाची गती त्याला झेपली नाही आणि ही साठवण भरली की बीप वाजे. दुर्बलता यंत्राची, बोल मात्र तरबेज टंकलेखकाला! शिवाय या स्पीकरला आवाज कमी करण्याची खुंटीच नव्हती. पुढे ध्वनीसाठी स्वतंत्र साउंड कार्ड आले, त्याचा आवाज कमीजास्त करता येऊ लागला. तरीही आतला स्पीकर स्वतंत्रपणे किंचाळतच राहिला. अनेकांनी कंटाळून यंत्र उघडले आणि त्याची तार उपटून टाकली. विंडोजच्या २००९ मधील सातव्या आवृत्तीत हा बीप साउंड कार्डाकडे वळवण्यात आला, तेव्हा कोठे तो ताब्यात आला.

दरम्यान आवाजांची संख्या वाढली होती. १९९२ च्या विंडोज ३.१ पासून प्रत्येक घटनेला निरनिराळा ध्वनी जोडण्याची सोय झाली. पूर्वी जी सूचना होती, तिची आता सजावट झाली. (ॲपलने १९९१ साली ज्या ध्वनीला ‘सोसुमी’ असे जपानी वाटणारे नाव दिले, त्याचा उच्चार ‘भरा माझ्यावर खटला’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यासारखा होतो. बीटल्सच्या कंपनीशी तेव्हा ॲपलचा संगीतावरून खटला चालू होता!)

मराठीतून टंकलेखन करणाऱ्यास आणखी एका आवाजाची ओळख असते. विंडोजमध्ये शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली, किंवा उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली, की यंत्र आवाज करून कळफलकाची एक वेगळीच व्यवस्था सुरू करू पाहते. इन्स्क्रिप्ट पद्धतीत ‘ख’, ‘घ’, ‘छ’ यांसाठी शिफ्ट लागते. शब्द आठवेपर्यंत बोट त्या कळेवर विसावले की संपलेच! हिशेबनिसाने नमलॉक पाच सेकंद दाबून धरला तरी असाच प्रकार होतो. यंत्र बिघडले असा समज होतो, मेकॅनिकला बोलावणे जाते. खरे पाहता या सोयी हातांत किंवा दृष्टीत अधूपण असलेल्यांसाठी केलेल्या आहेत आणि त्यांच्या दृष्टीने अमूल्य आहेत. अंध व्यक्तीला कॅप्सलॉक चालू झाला हे त्या आवाजावाचून कळणार कसे? ज्यांना त्यांची गरज नाही त्यांना सेटिंग्जमध्ये जाऊन ही आखूड वाट तेवढी बंद करता येते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

बंद करणे अवघड नाहीच. विंडोजच्या ध्वनिविभागात ‘नो साउंड्स’ ही योजना निवडली की बहुतेक आवाज एका फटक्यात थांबतात. लिनक्समध्ये आतल्या स्पीकरचा ड्रायव्हर चढवू नये अशी एक ओळ लिहिली की काम होते. परंतु सरसकट तोंड बंद करण्यात धोकाही आहे. ज्यांनी स्पीकरची तार उपटली, त्यांचे यंत्र पुढे स्मृतिपट्टी बिघडून बंद पडले तेव्हा दोष सांगणारे बीपही ऐकू आले नाहीत.

अतिरेकी आवाजाचा परिणाम कोठवर जातो याचे उदाहरण रुग्णालयांत सापडते. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये एक इशारा प्रसिद्ध केला. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात यंत्रांच्या धोक्याच्या घंटांशी संबंधित ९८ दुर्घटना तिच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांपैकी ८० रुग्ण दगावले होते. वाजणाऱ्या घंटांपैकी ८५ ते ९९ टक्के घंटांवर कोणताही उपचार करावा लागत नाही, असा अंदाजही तिने नमूद केला होता. परिचारिकांचे कान बधिर झाले, काहींनी आवाज कमी केला, काहींनी बंद केला. त्यांना निष्काळजी ठरवणे सोपे आहे. पण शंभरदा खोटे ओरडणाऱ्या यंत्राचे एकशेएकाव्या वेळी कोण ऐकणार?

तेव्हा प्रश्न आवाज असावा की नसावा हा नसून तो कोणासाठी असावा हा आहे. चुकीची कळ दाबल्याचे पडद्यावरच दिसते. तेथे ध्वनी अनावश्यक होय. कर्णबधिरांसाठी आवाजाऐवजी पडदा चमकवण्याची सोय विंडोजमध्ये १९९५ पासून आहे, ती इतरांनाही पुरेशी ठरेल. याउलट वीज गेल्यावर यूपीएस थांबून थांबून वाजू लागतो, तो आवाज रास्त आहे. माणूस चहाला गेला असेल, काम साठवलेले नसेल आणि बॅटरी काही मिनिटांचीच असेल. टेलिप्रिंटरच्या घंटेची खरी वारस ती. पण दिवसभर बीप ऐकून विटलेले कार्यालय तिच्याकडेही दुर्लक्ष करते.

ही निवड ज्याची त्याने करावयाची, तर तसा अधिकार त्याच्या हाती हवा. अनेक कार्यालयांत यंत्राच्या मांडणीत बदल करण्याची मुभा कर्मचाऱ्याला नसते. ती मुख्यालयातील संगणकविभागाकडे असते आणि तेथील मंडळींच्या कानी हा आवाज कधी पडत नाही. वीस यंत्रांच्या संगणककक्षात धडा शिकवू पाहणाऱ्या शिक्षकाची स्थिती याहून निराळी नाही. सुरक्षेसाठी बंधने असावीत हे मान्य. परंतु आवाजाची कळ त्या बंधनांतून वगळल्याने कोणतीही गुपिते फुटणार नाहीत. यंत्रे खरेदी करतानाच ती वगळून घ्यावी आणि पहिल्या दिवशी, टंकलेखनाच्या आधी, ती कोठे आहे हे प्रत्येकाला दाखवावे.