तारेवाचून झंकार

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. कारण घरचेच आहे. आमचे आजोबा गावच्या भजनात तंबोरा धरतात. एका लग्नात इलेक्ट्रॉनिक की-बोर्डवर सतार वाजली, तेव्हा ते म्हणाले, "तार नाही तर झंकार कुठला? कुणाचं तरी वाजवणं भरून ठेवलं असेल." मलाही तसेच वाटे. पण नेहमीच तसे नसते.

१९८३ साली अमेरिकेतील केव्हिन कार्प्लस व ॲलेक्स स्ट्राँग यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. तिच्यात ना तार, ना ध्वनिमुद्रण. केवळ आकड्यांची रांग. समजा, रांगेत २०० घरे आहेत. प्रत्येकात वाटेल तो आकडा टाकायचा. ही झाली छेड. मग पहिला आकडा स्पीकरकडे पाठवायचा आणि त्याची व त्याच्या शेजाऱ्याची सरासरी रांगेच्या शेवटी ठेवायची. सेकंदाला ४४,१०० वेळा हेच. रांग सेकंदात सुमारे २२० वेळा फिरते आणि तेवढ्या कंपनांचा स्वर उमटतो. घरे १०० केली की स्वर जवळजवळ एक सप्तक वर चढतो.

सरासरीने काय साधते? शेजारी ८ आणि उणे ८ असले तर उरते शून्य. ८ आणि ६ असले तर उरतात ७. म्हणजे बारीक, तीव्र लहरी आधी मरतात, संथ लहरी टिकतात. खरी तारही अशीच: आधी लखलखीत, मग मऊ, मग शांत. मी वहीत आठ आकडे मांडून पाहिले. चौथ्या फेरीपर्यंत वेडेवाकडे आकडे गोलसर चढउतारात आले.

मित्राच्या संगणकावर हा आवाज आजोबांना ऐकवला. ते म्हणाले, "तार आहे खरी. पण जवारी नाही."

तंबोऱ्याची तार रुंद, किंचित गोलाईच्या घोडीला घासत कंप पावते. छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर उमटूच नयेत, तेही या घोडीमुळे उमटतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवले. सरासरी नुसती घेते. घोडी परतही देते. ही देवघेव त्या युक्तीत नाही.

आजोबांना अक्षरओळख नाही. पण गणितातली उणीव त्यांच्या कानाने एकदाच ऐकून हेरली. अंक निघाला की हा लेख त्यांना वाचून दाखवणार आहे.