चाकांवरून ओळखा रणगाडा!

युद्धपट पाहताना माझी नजर आधी रणगाड्याच्या चाकांकडे जाते. १९९८च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधला जर्मन ‘टायगर’ वरून खराच वाटतो. पण खाली एका बाजूला पाचच मोठी चाके, म्हणजे सांगाडा रशियन टी-३४चा! खऱ्या टायगरची चाके एकमेकांवर चढलेली असतात. ती पाहायची तर २०१४चा ‘फ्युरी’ बघा. त्यात १९४३मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला, बोव्हिंग्टन संग्रहालयातला अस्सल टायगर आहे. तोफेसह सुमारे साडेआठ मीटर लांबीचा हा गाडा १:३५ प्रमाणात मी करतो, तेव्हा जेमतेम २४ सेंटीमीटरचा होतो. एवढ्याशा प्रतिकृतीत चाके मोजत कशाला बसायचे? आमच्या विद्यार्थ्यांना युद्धाचा इतिहास बहुधा पडद्यावरच भेटतो. निदान टेबलावरचा तरी खरा असावा!