पैसा, सुख आणि बिडीचा कट्टा

‘पैशात सुख नाही’ हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पण हे कोण म्हणतंय आणि कोणाला, ते आधी बघू. गोंदियातला राइस मिलचा मालक स्वतःशी असं म्हणत असेल तर ठीक. तेच तो पोती वाहणाऱ्या हमालाला ऐकवू लागला, की आपण सावध व्हायचं.

या प्रश्नावर अमेरिकेत बरीच वर्षं वाद चालला. डॅनिएल कानेमन आणि अँगस डीटन यांनी 2010 मध्ये मांडलं, की वर्षाला साधारण 75 हजार डॉलर मिळू लागले की त्यापुढच्या पैशाने रोजची मनःस्थिती फारशी सुधारत नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना 2021 मध्ये उलट दिसलं: सुख वाढतच राहतं. मग 2023 मध्ये हे दोन विरोधक, बार्बरा मेलर्स यांना सोबत घेऊन, एकत्र बसले. (आपल्याकडे असे विद्वान एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत.) निघालं ते असं: बहुतेकांचं सुख उत्पन्नासोबत वाढत जातं, जे आधीच फार दुःखी आहेत, त्यांचं दुःख मात्र एका मर्यादेपर्यंतच कमी होतं. वियोगावर, मनाच्या आजारावर पैशाचा इलाज अपुरा पडतो.

पण खरी मेख पुढे आहे. ही वाढ रुपयांत मोजायची नाही, पटीत मोजायची. महिना दहा हजारांचे वीस हजार झाले की मन जितकं वर येतं, तितकंच वर यायला दहा लाखवाल्याला वीस लाख लागतात.

आता आपला जिल्हा घ्या. उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्ता तोडला जातो, आणि घरोघरी बाया सूप मांडीवर घेऊन बिड्या वळतात. मजुरी हजार बिड्यांमागे. खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत. त्या मजुरीत शंभर रुपये वाढले तर ती वाढ पोराच्या वहीत, घरातल्या तेलात दिसते. तेच शंभर मालकाच्या हिशेबात कुठे पडले, हे मुनीमसुद्धा सांगणार नाही.

शिवाय सवय ही चीज वाईट. 1978 चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा. लॉटरी जिंकलेले 22 लोक शेजारपाजारच्यांपेक्षा विशेष सुखी नव्हते. उलट साध्यासुध्या गोष्टींतली गोडी त्यांना कमी वाटत होती. नवी गाडी चार महिन्यांत नुसती गाडी होते.

मग ज्याच्याकडे भरपूर आहे त्याने करावं काय? एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले. काहींना सांगितलं स्वतःवर खर्च करा, काहींना दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश होते. रक्कम किती, याने फरक पडला नाही. गंमत म्हणजे इतरांना अंदाज विचारला तर त्यांनी नेमकं उलट सांगितलं.

गोंदियाला हे अगदी परकं नाही. बिडीच्या धंद्यात मोठे झालेले मनोहरभाई पटेल यांनी 1958 मध्ये गोंदिया शिक्षण संस्था उभी केली. बिडीच्या पैशातून या भागात शाळा-कॉलेजं आली. मात्र हेही ध्यानात ठेवा: दान द्यायचं की नाही, हे मालक ठरवतो. हजारी मजुरी मागायला कोणाच्या मर्जीची वाट बघावी लागू नये, आणि सुखाच्या हिशेबात तर तिचा नंबर दानाच्याही आधी लागतो.