पाऊस नसलेल्या उन्हाळ्याचं मीठ

माल्टाच्या पर्यटनाच्या चित्रांत ऊन, निळा समुद्र आणि पिवळसर दगड हटकून असतात. या तिन्हींतून मिळून जे पिकतं ते मीठ. ते पिकवणाऱ्यांच्या शेजारी उभं राहिलं, की या बेटांची हवा तापमानाच्या तक्त्यांपेक्षा जास्त कळते, असं माझं ठाम मत झालं आहे.

गोझो हे माल्टाचं धाकटं बेट, जेमतेम 67 चौरस किलोमीटरचं. उत्तर किनाऱ्यावरच्या मार्साल्फोर्न गावातून पश्चिमेला चालत गेलं की श्वेयनीची मिठागरं लागतात. आपली पेण-उरणकडची मिठागरं खाडीच्या चिखलात बांध घालून केलेली. इथं खाडीही नाही आणि चिखलही नाही. समुद्राला लागून असलेल्या मऊ चुनखडकाच्या सपाट कातळात चौकोनी उथळ कुंड्या खोदल्या आहेत, एकीला लागून दुसरी. काही कुंड्या एकाच घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आहेत.

हिवाळ्यात लाटा या कुंड्यांवरून खुशाल फिरतात. मे महिना लागला की त्यांतलं शेवाळ, वाळू, दगड काढून त्या घासूनपुसून घ्यायच्या. मग आधी मोठ्या टाक्यांत समुद्राचं पाणी घ्यायचं. तिथं ते तापतं, आटतं, जड होतं. तसं झालं की लहान कुंड्यांत सोडायचं. पूर्वी हे बादल्यांनी चाले, आता पंप आला आहे. एका लिटर पाण्यात साधारण 38 ग्रॅम क्षार, म्हणजे दहा लिटरची बादली पूर्ण आटली तरी हाती चारशे ग्रॅमही येत नाहीत. एकेक पोतं भरायला किती पाणी उन्हाला द्यावं लागत असेल, याचा अंदाज त्यावरून करावा.

मी वाकून पाहिलं तेव्हा एका कुंडीत पाण्यावर नुकती साय धरत होती. बारीक पापुद्रे तरंगत होते. जड झाले की ते हळूच तळाला बसतात, आणि खाली कण कणाला चिकटत जातो. ऐन उन्हाळ्यात आठवड्याभरात कुंडी काढायला येते. कुंडी सांभाळणाऱ्या घरातली मुलगी उन्हं चढायच्या आत खराटा घेऊन उतरली होती. आधी कोपरे, मग कडा, मग मध्य, असं ती झाडत होती. हात हलका, कारण जोर लावला तर दगडाची पिवळी पूड मिठात येते. मधोमध ढीग लागला, तो निथळायला ठेवला. निथळलेलं मीठ कातळातच कोरलेल्या खोलीत जातं.

तिचे वडील मात्र मिठाकडे कमी आणि समुद्राकडे जास्त पाहत होते. वायव्येचा वारा, मय्यिस्त्राल, बेताचा असेल तर पाणी झपाट्यानं आटतं. तोच जोरात सुटला तर लाटा उडून कुंडीत पडतात आणि आठवड्याचं जड झालेलं पाणी पुन्हा पातळ होतं. आग्नेयेचा श्लॉक सहारातून निघतो तेव्हा कोरडा असतो, पण समुद्र ओलांडताना ओल पिऊन येतो. त्या दिवसांत अंग चिकचिकतं, आकाश धुरकट होतं, कधी तांबूस धूळ बसते आणि कुंडीतलं पाणी आटता आटत नाही. ऊन तेच, पण पीक रेंगाळतं. बेटावर सुट्टीला आलेल्या माणसाला दोन्ही दिवस सारखेच उन्हाचे वाटतात.

हे सगळं जमतं ते उन्हाळा कोरडा असल्यामुळे. उन्हाळ्यात उपोष्ण पट्ट्यातला जास्त दाबाचा प्रदेश उत्तरेला सरकतो, हवा वरून खाली बसते, ढग धरत नाहीत. जुलैत पाऊस जवळपास शून्य. वर्षाचा पाऊस साधारण 550 मिलिमीटर, तोही बहुतेक ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. आपल्या मुंबईत एकट्या जुलैत त्याहून जास्त कोसळतो. कोकणात मिठाचा हंगाम मृगाच्या आधी आवरायची घाई असते, कारण उन्हाळ्याच्या पाठोपाठ पाऊस असतोच. गोझोत उष्मा आणि पाऊस यांची गाठ पडते ती थेट सप्टेंबरच्या आसपास, आणि तिथंच हंगाम संपतो. पण मिठाला लाभणारा हा कोरडेपणा शेताला सोसावा लागतो. माल्टात बारमाही नदी नाही. जुन्या घरांखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी असते, आणि आज पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग वीज जाळून समुद्राचंच पाणी गोडं करून मिळवतात.

तिथं एका घड्याळजीची गोष्ट सांगतात. त्यानं कड्यावर कुंड्या खोदल्या आणि खालच्या गुहेतून पाणी वर ओढायला विहिरीसारखं भोक पाडलं. पण सच्छिद्र दगडानं पाणीच पिऊन टाकलं. हिवाळ्यात वादळ आलं तेव्हा लाटा गुहेत घुसून त्या भोकातून कारंज्यासारख्या उसळल्या आणि खारं पाणी पडून आसपासची शेतं करपली. गोष्टीत तिखटमीठ किती हे सोडून देऊ. दगड आणि वारा न ओळखता इथं काही पिकत नाही, हे तिथला प्रत्येक मिठागरवाला जाणून आहे.

सप्टेंबरपर्यंत समुद्र चांगलाच तापलेला असतो. त्यावर थंड हवा आली की गडगडाटी पाऊस होतो. एकच जोरदार सर आली, तरी उघड्या कुंडीतलं मीठ विरघळून जातं. म्हणून ऑगस्टच्या अखेरीस सगळं घर कामाला लागतं.

नेमके त्याच दिवसांत पर्यटकही सर्वांत जास्त असतात, आणि फोटोसाठी अनेकजण चपला-बुटांसकट कुंड्यांत उतरतात. त्यानं कडा फुटतात आणि माती मिठात मिसळते. गोझोला गेलात तर रस्त्यावरून पाहा, कातळात उतरू नका, आणि कडेला विकायला ठेवलेली मिठाची एक पिशवी विकत घ्या.