प्राणिशास्त्राच्या वर्गातून बेडूक गेला

'झूलॉजी घेतलंस? मग बेडूक कापत असशील!' असं घरचे अजूनही म्हणतात. खरं तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितलं आणि २०१४ मध्ये ते बंदच केलं. त्याआधी बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचलेलं झुरळ असे. खरा कस लागे तो मुशीवर. या माशाचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा, त्यामुळे कवटी ब्लेडने पातळ तासत तासत जायचं आणि मेंदूतून निघणाऱ्या नसा न तोडता मोकळ्या करायच्या. एक घाईचा हात, की नस गेलीच!

आता त्या जागी मॉडेल, संगणकावरचं विच्छेदन आणि तयार स्लाइड आल्या. प्राण्यांचे जीव वाचतात, हे उत्तमच. पण पडद्यावरची नस कधी तुटत नाही, एवढी खोट मात्र राहते. बाकी पेशीशास्त्र, आनुवंशिकी, उत्क्रांती, परिसरशास्त्र हे विषय आहेतच. फॉर्मालिनच्या बरण्यांतले फिकट पडलेले नमुने पाहण्यापेक्षा ओहोटीला कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर गेलेलं बरं: तिथे खेकडे, समुद्रफुलं, शंख जिवंत भेटतात. फक्त पाहायचं, नोंदवायचं आणि उचललेला दगड पुन्हा होता तसाच ठेवायचा.